सैल केलेल्या तारा

गिटारवर पहिले बोट ठेवण्याआधी आमच्या सरांनी मला सहा तारांच्या सुरांची सहा अक्षरे, जाड सहाव्या तारेपासून बारीक पहिलीपर्यंत, पाठ करायला लावली होती : इ, ए, डी, जी, बी, इ. ती मी पुढे कित्येक वर्षे पाढ्यासारखी सांभाळली. सोलापुरात मे महिन्यात पारा 43 अंशांकडे निघाला की दुपारी घराबाहेर पडण्यात अर्थ नसतो. अशाच एका दुपारी मी पहिली, दुसरी आणि सहावी अशा तीन तारा गिटारच्या मानेवरच्या दोन-दोन पडद्यांइतक्या (फ्रेट्सइतक्या), म्हणजे एकेका स्वराने, खाली उतरवल्या आणि डावा हात मांडीवरच ठेवून सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या. कूलरसमोर आडवी झालेली आत्या उठून बसली आणि म्हणाली, "तंबोरा कुणाचा गं आणलास?"

नेहमीच्या जुळणीत शेजारच्या तारांमध्ये षड्ज-मध्यमाचे नाते असते. फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यात ते षड्ज-गंधाराचे होते. ही सोय मोठ्या विचाराची आहे, कारण त्यामुळे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, आणि सरगम ही दोन्ही चार बोटांच्या आवाक्यात येतात. मात्र तारा मोकळ्या छेडल्या, तर त्यांतला षड्ज कोणता हे काही केल्या उमगत नाही. मी लावलेल्या जुळणीत डी, ए, डी, जी, ए, डी असे सूर येतात. डीला षड्ज मानले की ते सा, प, सा, म, प, सा असे वाचता येतात. इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहम या वादकाने 1960 च्या दशकात ती रूढ केली. तिच्यात गंधारच नसल्यामुळे कोमल गंधाराचा भीमपलास आणि शुद्ध गंधाराचा देस या दोन्ही रागांना ती सारख्याच आपुलकीने जागा देते.

गंधाराची खरी परीक्षा झाली ती ओपन जी जुळणीत. तिथे प, सा, प, सा, ग, प असे सूर लागतात आणि एकही बोट न ठेवता पुरी कॉर्ड वाजते. हवाईच्या वादकांकडे ही जुळणी परंपरेने चालत आलेली आहे, तर रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा कीथ रिचर्ड्स तिच्यातली सहावी तार काढून पाचच तारांवर वाजवतो. मी ट्यूनरचा हिरवा दिवा बघून दुसरी तार लावली, तेव्हा आत्या लगेच म्हणाली, "गंधार चढलाय." दिव्याचे चुकले नव्हते आणि तिचेही नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा पडद्यांच्या हिशेबातला गंधार सुमारे 14 सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाने, वर असतो. खुंटी केसभर उतरवली आणि आत्याच्या कपाळावरची आठी गेली. बोटे ठेवून वाजवताना ती तार आता इतरांशी थोडी फटकून वागते, हे मी तिला सांगितले नाही.

या नादात नुकसानही झाले. ओपन इसाठी तारा चढवाव्या लागतात, त्यात माझी चौथी तार तुटली. तीच नाती एका स्वराने खाली, ओपन डीमध्ये, तारा उतरवून मिळतात हे ध्यानात यायला नव्या पेठेची एक चक्कर मारावी लागली. त्याहून मोठा मूर्खपणा म्हणजे जवारीचा, तंबोऱ्याच्या त्या गुंजत्या नादाचा, मोह. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवतात, मग सुताच्या गावात सुताला काय तोटा, असे म्हणून मी अंथरुणावरच्या चादरीच्या दशेतून एक धागा ओढला आणि गिटारच्या घोडीवर घातला. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते, तिच्यावर तार घासत घासत गुंजते. गिटारच्या घोडीवरची हाडाची पट्टी जेमतेम तीन मिलिमीटर रुंद असते. तारेतून "ठप्प" असा, उशीवर चापट मारल्यासारखा आवाज आला. धागा निघाला, चादरीची ती दशा मात्र अजून उसवलेली आहे.

काल संध्याकाळी आत्याने स्वतःहून गिटार मागितली. मी सा, प, सा, म, प, सा लावून दिले, तर ती म्हणाली, "मालकंस म्हणते. पंचम काढ." मालकंसात पंचम नसतोच, म्हणून पाचवी आणि दुसरी अशा दोन्ही तारा मी मध्यमावर उतरवल्या. दुसरी तार इतकी सैल झाली की पडद्यांवर खडखडू लागली. पण आत्याने तोवर डोळे मिटून षड्ज लावला होता.