टाइल्सच्या आधी माणूस निवडा

पहिल्यांदा बाथरूम नवीन करून घेतलं, तेव्हा टाइल्स निवडायला मी तीन आठवडे घेतले आणि काम करणारा माणूस मात्र एका फोनवर ठरवला. आठ महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या छतावर पिवळट डाग पडला होता, रंगाचे पापुद्रे सुटले होते. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, रात्री थेंब वाजतात." त्या रात्री मलाही झोप लागली नाही.

फरशी फोडल्यावर कारण कळलं. फरशीवरचं पाणी जिथून बाहेर जातं त्या नहाणी ट्रॅपच्या काठाला वॉटरप्रूफिंगचा थर भिडलाच नव्हता, बोटभर फट तशीच राहिली होती. टाइल्सच्या सांध्यांतलं साधं सिमेंटचं ग्राउट पाणी पूर्ण अडवत नाही, थोडं थोडं पाणी झिरपतच राहतं. ते अडवायचं काम टाइलखालच्या थराचं. आणि तो थर काम संपल्यावर कुणालाच दिसत नाही. म्हणून तो दिसत असताना आपल्याला बोलावून दाखवेल असा माणूस शोधायचा, हे मी तेव्हा मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या वेळी तिघांना घरी बोलावलं. पहिल्याने दारातूनच फोटो काढले आणि संध्याकाळी एक ठोक आकडा पाठवला. दुसऱ्याने संगणकावर काढलेली चित्रं आणली, खरंच देखणी होती. मी विचारलं, वॉटरप्रूफिंगला काय वापरणार, किती हात देणार, भिंतीवर किती उंचीपर्यंत नेणार? "ते सगळं त्यात आलंच ताई, तुम्ही काळजी करू नका." माझी काळजी तिथेच वाढली.

तिसरे मिस्त्री वयाने मोठे. त्यांनी आधी बादलीभर पाणी ओतलं आणि ते कुठे पळतं, कुठे साचतं ते उकिडवं बसून पाहिलं. नाण्याने टाइल्स वाजवल्या, पोकळ वाजतील तिथे खडूने खूण केली. मग स्वतःहून खाली जाऊन काकूंचं छत पाहून आले. बाथरूम कोण कोण वापरतं, हेही विचारलं. सासूबाईंच्या गुडघ्यांचं कळल्यावर म्हणाले, "कमोडशेजारी धरायला दांडा लागणार असेल तर आत्ताच सांगा. तिथली भिंत भक्कम करून ठेवतो, नंतर नुसत्या टाइलमध्ये स्क्रू धरणार नाही."

मला कमोड समोरच्या भिंतीला हवा होता. त्यांनी टेप लावून मोजलं आणि सरळ नाही म्हणाले. तिथपर्यंत मैल्याच्या पाइपाला पुरेसा ढाळ मिळणार नव्हता, वरचेवर तुंबला असता. वायरिंगलाही ते हात लावायला तयार नव्हते. परवाना असलेला इलेक्ट्रिशियन आणा, गिझरच्या लाइनला अर्थिंग नीट तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या, असं त्यांनीच सांगितलं. आपलं काम कुठे संपतं हे ज्याला माहीत असतं, त्याच्यावर मी विश्वास ठेवते.

तरीही आधीच्या कामांचे दोन पत्ते मागितले, एक ताजा आणि एक दोन वर्षांपूर्वीचा. ताजं काम कुणाचंही चकचकीत दिसतं. खरं सांगतं ते जुनं. तिथे कोपरे पाहिले, दाराच्या चौकटीचा खालचा भाग पाहिला आणि थोडा धीर करून खालच्या घराचीही बेल वाजवली. त्यांचं छत कोरडं होतं.

मग सगळं कागदावर आलं. तोडफोड, राडारोडा उचलणं, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, सगळ्याच्या वेगळ्या ओळी. सामान कोण आणणार आणि फोडल्यावर सडका पाइप निघाला तर वाढीव खर्च कसा धरायचा, हेही लिहिलं. हप्ते तारखांप्रमाणे न ठेवता कामाच्या टप्प्यांप्रमाणे ठेवले आणि शेवटचे 10 टक्के दोन आठवडे वापरून झाल्यावर.

दोन चाचण्या मी त्या कागदात आग्रहाने घातल्या. भिंत बुजवण्याआधी पाइपांत पंपाने दाब भरायचा आणि मीटरचा काटा खाली येतो का पाहायचं. दुसरी पाणी भरून ठेवण्याची. थर सुकल्यावर ट्रॅपचं तोंड बंद करून 48 तास पाणी साठवलं. मिस्त्रींनी भिंतीवर पेन्सिलीने पातळीची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी रेघ पाहून आले, खाली काकू टॉर्च घेऊन छताखाली उभ्या होत्या. दोन दिवसांनी पाणी जवळजवळ रेघेवरच होतं. मग टाइल्स आल्या, ढाळ मीटरमागे साधारण सव्वा सेंटिमीटर ठेवला. पाणी कुठेही न थांबता ट्रॅपकडे जातं.

भिंत बुजवण्याआधी पाइपांशेजारी टेप धरून त्यांनी माझ्याकडून फोटो काढून घेतले होते. त्यांच्या प्रती कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या आहेत. गेल्या महिन्यात टॉवेलची दांडी लावताना मुलाने तिथला फोटो पाहिला, जमिनीपासूनचं अंतर मोजलं आणि ड्रिल चार बोटं डावीकडे सरकवलं.