परभणीचा घरगुती सर्व्हर, नोंद ९: आरसा शाबूत, बूट गायब

मागच्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की सिस्टीम दोन एसएसडींवर मिरर आहे (दोन्हींवर तीच नक्कल), एक गेली तरी काम थांबत नाही. मंगळवारी एक गेली. काम थांबलं नाही. थांबलं ते गुरुवारी.

मंगळवारी रात्री मेल आला: आरपूल (सिस्टीमच्या डिस्कचा संच) डिग्रेडेड, म्हणजे एक डिस्क कमी. स्मार्टचे (डिस्कच्या तब्येतीचे) आकडे बघायला गेलो तर डिस्कच दिसेना. हार्ड डिस्क जायच्या आधी बरेचदा कुरकुरते, पेंडिंग (नीट वाचता न येणारे) सेक्टर वाढतात. एसएसडी बोलता बोलता गप्प होते. केबल बदलली, पोर्ट बदलला, फरक शून्य. म्हणजे गेलीच.

जुन्या दोन्ही २४० जीबीच्या. नवीन डिस्क लहान पडली की झेडएफएस (मिरर सांभाळणारी फाइल सिस्टीम) ती कामाच्या पार्टिशनला (डिस्कच्या भागाला) घेत नाही, म्हणून सरळ २५६ जीबीची घेतली (४६,८८,६२,१२८ सेक्टरच्या जागी ५०,०१,१८,१९२, उरलेली जागा वाया, वाईट वाटून घ्यायचं नाही). मावसभाऊ शनिवारी संभाजीनगरहून तपोवन एक्स्प्रेसने येणार होता, त्याच्याच बॅगेत आली.

पण त्याआधी गुरुवारची दुपार. लाईट गेली, यूपीएस दोनदा कोकलला आणि मेला. लाईट आल्यावर मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: बूट करण्याजोगं काही सापडलं नाही. दहा मिनिटांत शेतातून अण्णांचा फोन, "विहिरीवरचं काहीच दिसना गेलंय रे." कॅमेऱ्याचं सगळं रेकॉर्डिंग याच सर्व्हरवर.

डोकं धरून बसलो. डेटा तर शाबूत डिस्कवर पूर्ण आहे, मग बूट का होईना?

उत्तर दोन वर्षं जुनं निघालं. तेव्हा दुसरी डिस्क गेली होती, ती मी बदलली होती. पार्टिशन कॉपी केले, झेडपूल रिप्लेस (मिररमधली डिस्क बदलायची कमांड) मारलं, स्टेटसमध्ये सगळं ऑनलाइन दिसलं आणि चहाला गेलो. प्रॉक्समॉक्सच्या (या सर्व्हरवरच्या सिस्टीमच्या) डिस्कवर तीन पार्टिशन असतात: पहिलं जेमतेम १ एमबीचं बायोस बूटसाठी, दुसरं ईएफआयचं, ज्यातून मशीन बूट होतं (माझ्या जुन्या इन्स्टॉलमध्ये ५१२ एमबी), तिसरं झेडएफएसचं. मिरर होतं ते फक्त तिसरं. मदरबोर्डच्या यूईएफआयला (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) झेडएफएस वाचता येत नाही, त्याला फॅट नावाचा साधा फॉरमॅट लागतो. म्हणून दुसरं पार्टिशन झेडएफएसच्या हद्दीबाहेर. ते नव्या डिस्कवर आपल्यालाच फॉरमॅट करून भरावं लागतं. मी भरलंच नव्हतं. दोन वर्षं घर एकाच दारावर चाललं होतं, आणि मंगळवारी मेली ती दाराची डिस्क.

लाज वाटायची गोष्ट पुढे आहे. या दोन वर्षांत दर कर्नल अपडेटला एक वॉर्निंग यायची, की अमुक यूयूआयडीचं (ओळख-क्रमांकाचं) पार्टिशन अस्तित्वात नाही, सोडून देतोय. "जुन्या डिस्कची असेल," म्हणून मी वर सरकवत राहिलो. जुन्या डिस्कचीच होती. तिच्या जागी नवीन नोंद का नाही, हे एकदाही मनात आलं नाही.

दुरुस्ती गुरुवारी रात्रीच केली. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावला, डीबग मोडमधून शेलवर गेलो. पूल सक्तीने इम्पोर्ट केला, तोही वेगळ्या रूटखाली (वेगळ्या फोल्डरमध्ये), नाहीतर तो इन्स्टॉलरच्याच डोक्यावर बसतो. डेव्ह, प्रोक, सिस माउंट करून सीएचरूट, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टीमच्या आत शिरलो, मग प्रॉक्समॉक्स-बूट-टूलचं फॉरमॅट आणि इनिट (बूटच्या फाइल भरणं), दोन्ही दुसऱ्या पार्टिशनवर. बाहेर येऊन पूल एक्स्पोर्ट, रीबूट. लॉगिन दिसलं तेव्हा पावणेबारा वाजले होते.

शनिवारी नवीन डिस्क. एसजीडिस्कने पार्टिशनचा नकाशा कॉपी करताना आधी चांगली डिस्क, मग मायनस कॅपिटल आर, मग नवीन. उलटं झालं तर कोरा नकाशा चांगल्या डिस्कवर बसतो. मी एसडीए-एसडीबी लिहीत नाही, बाय-आयडीची (सीरियल असलेली) नावं वापरतो, आणि एंटर दाबायच्या आधी डिस्कच्या स्टिकरवरचा सीरियल बोट ठेवून वाचतो. मग मायनस कॅपिटल जी, म्हणजे दोन्ही डिस्कचे ओळख-क्रमांक सारखे राहत नाहीत. मेलेल्या डिस्कच्या जागी स्टेटसमध्ये लांबलचक आकडा दिसतो. रिप्लेसमध्ये जुनं नाव म्हणून तोच दिला, नवीन म्हणून तिसरं पार्टिशन. रीसिल्व्हर (नव्या डिस्कवर नक्कल उतरवणं) काही मिनिटांतच उरकलं, कारण झेडएफएस फक्त भरलेला भाग कॉपी करतं. यावेळी चहा नंतर: फॉरमॅट, इनिट, आणि जुने यूयूआयडी काढायला क्लीन. टूलच्या स्टेटसमध्ये आता दोन यूयूआयडी.

रविवारी खरी परीक्षा. मशीन बंद करून एका डिस्कची केबल काढली, बूट झालं. बंद करून परत लावली, मागे राहिलेलं रीसिल्व्हर पूर्ण होऊ दिलं, मगच दुसरीची काढली. इथे घाई केली तर मागे पडलेल्या डिस्कवरच एकट्याने बूट व्हायचा प्रसंग येतो. दोन्हीकडून बूट झालं. शेवटी स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) लावला, शून्य चुका.

अण्णांना फोन केला. "दिसायलंय," म्हणाले, "पण मोटार बंद हाय. लाईट गेलीय." कॅमेरा सोलरवर आहे, मोटार नाही.

पुढची नोंद यूपीएसच्या बॅटरीची. १२ व्होल्ट ७ एएचची आहे, आणि तिच्यावरची तारीख मी अजून वाचलेली नाही.