फिट्झगेराल्ड रिव्हर: आधी बूट घासा, मग फुलं बघा

पश्चिम ऑस्ट्रेलियात रानफुलं बघायची म्हटलं की बरेच जण पर्थच्या उत्तरेला, एव्हरलास्टिंग या कागदी पाकळ्यांच्या रानफुलांच्या गालिचांकडे वळतात. आम्ही दक्षिण किनारा गाठला: ब्रेमर बे आणि होपटाउन या दोन गावांमधलं फिट्झगेराल्ड रिव्हर राष्ट्रीय उद्यान. नुसते गालिचेच हवे असतील तर इकडे येऊ नका. धावत्या गाडीतून इथे करडी-हिरवी झुडपंच दिसतात. उतरून चाललं की मात्र दर चार पावलांवर काहीतरी नवं. इथे १८०० हून अधिक वनस्पती आहेत आणि त्यांतल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. आणि हे सगळं अगदी निकस मातीत. कासच्या सड्यावर फिरलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

सगळ्यात भाव खाऊन जातो तो रॉयल हाकिया. माणसाहून उंच, सरळसोट खांबासारखं झाड आणि त्याला वाटीसारखी काटेरी कडांची पानं. वरची पानं पिवळट, खाली जावं तशी केशरी, मग लाल. खरी फुलं इवलीशी, पानांच्या आड. रंगाचं सगळं काम पानंच करतात. होपटाउनकडून हॅमर्सली ड्राइव्हने आलात की तो रस्त्यालगतच भेटतो. क्वालप बेल मात्र शोधावी लागते. तिच्या खाली झुकलेल्या, हिरवट-जांभळट घंटांमध्ये फुलं दडलेली असतात.

हनी पॉसम आम्हाला दिसला नाही, तुम्हालाही बहुधा दिसणार नाही. जेमतेम दहा ग्रॅमचा हा निशाचर प्राणी फक्त मकरंद आणि परागकणांवर जगतो. म्हणजे बारा महिने काही ना काही फुललेलं असावंच लागतं, आणि इथे ते असतं. बँक्सिया नावाच्या झुडपाच्या लाल फुलांवर पक्षी मात्र भरपूर दिसतात.

सप्टेंबर उत्तम. फुलं भरात असतात आणि पश्चिम बाजूच्या पॉइंट ॲनला सदर्न राइट देवमासे पिल्लांसह किनाऱ्याजवळ येतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर हा त्यांचा मुक्काम. दुर्बीण न्याच, पण खरं तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

नकाशा बघून फसू नका. पूर्वेकडून पश्चिमेकडे किनाऱ्याने जाणारा रस्ता नाही. मधला भाग गाड्यांना बंद आहे, बाहेरून मोठा वळसा पडतो. वेळ कमी असेल तर पूर्व बाजू धरा: हॅमर्सली इनलेट या खाडीपर्यंत डांबरी रस्ता आहे, ईस्ट माउंट बॅरनची चढण आहे. पॉइंट ॲनचा रस्ता कच्चा, पावसानंतर बंद होऊ शकतो. निघण्याआधी उद्यान खात्याची सूचना पाहा.

वाटेच्या तोंडाशी ब्रश दिसला की बुटांचे तळवे खरोखर घासा. चिखलातून ‘डायबॅक’ नावाचा मुळं कुजवणारा रोग पसरतो, बँक्सिया त्याने हमखास मरतात आणि एकदा शिरलेला रोग काढता येत नाही. हे उद्यान अजून बरंचसं वाचलेलं आहे. म्हणूनच पाऊस झाल्यावर काही वाटा बंद करतात. तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका.

पाणी घरूनच भरून न्या, आत मिळेल हे गृहीत धरू नका. पेट्रोल आणि किराणा होपटाउन, रेव्हन्सथॉर्प किंवा ब्रेमर बेला. मोबाइलच्या भरवशावर राहू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या. कुत्रा नेता येत नाही. आणि सूर्य कलायच्या आत मुक्कामी पोचा. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात प्राण्याची धडक धरलेली असतेच असं नाही.