कार्डं दोन संध्याकाळींत लागली, पानांनी दीड महिना खाल्ला

चवथीच्या आधी घर रंगवायचं म्हणून माळ्यावरचं सगळं खाली येतं. यंदा मेच्या शेवटी आईने चपलांचे दोन खोके आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. "एकदाचं हे नीट लाव, नाहीतर विशूला देऊन टाक," म्हणाली. विशू म्हणजे माझा पुतण्या. खोक्यांत माझी खेळाडूंची कार्डं होती, तीस वर्षांची.

मोजली तर १,३४६ भरली. सगळ्यात जुनी नव्वदच्या दशकातली क्रिकेटची ट्रम्प कार्डं. मधल्या सुट्टीत खेळून खेळून त्यांचे कोपरे गोल झालेत. मग टॉप्स कंपनीची आयपीएलवाली क्रिकेट अटॅक्स, थोडी इंग्लिश फुटबॉलची मॅच अटॅक्स, आणि २०१४ व २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकांची पानिनी कंपनीची अॅड्रेनलिन एक्सएल. ही शेवटची विशूबरोबर जमवलेली. एकेक पाकीट फोडताना त्याचा चेहरा काय व्हायचा ते मला अजून आठवतं, म्हणून ती मला सगळ्यांत प्रिय.

पहिली गोष्ट आधीच सांगतो, कारण तिने माझं नुकसान केलंय. कार्डांना रबरबँड लावू नका. आपल्या हवेत ते दोन पावसाळ्यांत वितळून चिकटतात आणि वरच्या-खालच्या कार्डाच्या कडेला कायमची खाच पाडतात. माझ्या प्रत्येक गठ्ठ्याची पहिली आणि शेवटची दोन कार्डं अशी गेली.

लावायचा क्रम ठरवायला मात्र मी चुकत चुकत शिकलो. आधी खेळाडूप्रमाणे लावायला गेलो. सचिनची सगळी एकत्र, धोनीची एकत्र. दिसायला छान, पण दोन-दोनच कार्डं असलेले शेकडो खेळाडू उरले, त्यांचं करायचं काय? मग संघाप्रमाणे. आयपीएलमध्ये तेही टिकत नाही. एकटा युवराज घ्या: पंजाब, पुणे, बंगळूर, दिल्ली, हैदराबाद, परत पंजाब, मग मुंबई. शेवटी खेळ, मग मालिका व वर्ष, आणि त्यात कार्डावर छापलेला क्रमांक, असं ठरवलं. क्रमांकाने लावलं की कुठलं कार्ड नाही ते रिकाम्या खणावरून लगेच कळतं, आणि ज्याला जमवायचा नाद आहे त्याला हवं असतं ते हेच. ट्रम्प कार्डं तेवढी देशाप्रमाणे ठेवली.

क्रमांकाने लावायची सोपी रीत आहे. सगळी कार्डं चादरीवर पसरायची. आधी शतकाप्रमाणे ढीग करायचे, १ ते ९९, १०० ते १९९ असे. मग एकेक ढीग घेऊन त्याचे दशकाप्रमाणे दहा ढीग. दहा कार्डांचा ढीग हातात घेऊनच लावता येतो. दोन संध्याकाळींत मी आणि विशूने काम संपवलं. पंखा बंद ठेवा.

जादा, म्हणजे दुबार कार्डं ३९० निघाली. ती वेगळ्या खोक्यात, अदलाबदलीसाठी. उरली ९५६.

आता ती ठेवायची कशात? इथून माझी कथा सुरू होते.

या कार्डांचं सर्वसाधारण माप अडीच इंच बाय साडेतीन इंच. त्यासाठी एका पानात नऊ खण असलेली पारदर्शक पानं मिळतात, तीन ओळी, तीन रकाने, आणि ती पानं फाइलच्या कड्यांत अडकवायची. फोंड्यात विचारलं, पणजीत दोन-तीन स्टेशनरीच्या दुकानांत विचारलं. सगळीकडे फोटोंचा अल्बम दाखवतात नाहीतर व्हिजिटिंग कार्डांची पानं. व्हिजिटिंग कार्डाची रुंदी दोन इंच. आपलं कार्ड त्यात शिरतच नाही. जोर लावून घालायला जाऊ नका, कोपरा दुमडतो.

म्हणून ३ जूनला ऑनलाइन १२० पानं मागवली, १,८०० रुपयांना. वर्णनात स्वच्छ लिहिलं होतं की पानं पीव्हीसीची, म्हणजे कार्डं खराब करणाऱ्या प्लास्टिकची, नाहीत. त्या एका वाक्यासाठी मी चार रुपये जास्त देऊन तीच घेतली होती.

आमचं घर फोंड्याजवळ एका वाड्यावर. घराला नंबर आहे, तो पंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर. भिंतीवर नाही. आमच्याकडे पत्ता म्हणजे देवळाच्या मागे, तळीच्या उजवीकडून वर. पोस्टमन तीस वर्षं पत्रं आणतोय, त्याला कधी अडलं नाही. कुरियरवाल्यांना अडतं. १४ तारखेला मोबाइलवर निरोप आला, "पार्सल पोहोचवलं." मी घरी, आई घरी, पार्सल नाही, कोणी ओटीपीही मागितला नव्हता. रोज फोन केला. २२ तारखेला भर पावसात एक पोरगा देवळापाशी उभा राहून विचारत होता, "भैया, लोकेशन भेजो, यहाँ तो सिर्फ झाड है." त्याच्यावर माझा राग नाही. भिजलेला होता, आईने त्याला चहा दिला. पार्सल आठ दिवस गोदामात पडून होतं, हे त्यानेच सांगितलं.

खोका उघडला आणि वास आला. नवा शॉवरचा पडदा उघडल्यावर येतो तसा गोडसर, डोक्यात जाणारा वास. विशूने तोवर आठ पानं भरलीसुद्धा. मला शंका आली. आमच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांना संध्याकाळी फोन केला. त्यांनी सांगितलेली परीक्षा सगळ्यांनी करावी अशी आहे. पानाचा छोटा कोपरा कापायचा, पेलाभर पाण्यात बोटाने बुडवायचा, त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकायचे आणि सोडायचा. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे कार्डांना चालणारं प्लास्टिक, पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर येतं. पीव्हीसी जड, ते तळाला बसतं. पॉलिएस्टरही बुडतं, पण ते कडक असतं आणि त्याला असा वास नसतो. माझा तुकडा दगडासारखा खाली गेला.

पीव्हीसी वाईट का, तर ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते हळूहळू बाहेर येतं, कार्डाच्या चकचकीत थरावर उतरतं, शाई उचलतं. उष्ण आणि दमट हवेत हे लवकर होतं, आणि गोव्याचा जून म्हणजे उष्ण आणि दमटच.

रात्रीच कार्डं बाहेर काढली, पानं परत खोक्यात बांधली आणि २३ तारखेला परतीचं बटण दाबायला गेलो. बटणच नाही. "परतीची मुदत संपली आहे." सात दिवस, आणि ते मोजले १४ तारखेपासून!

चॅटवर तीनदा बोललो. तीनदा वेगळा माणूस, तीनदा पहिल्यापासून सगळं. एकाने विचारलं, पार्सल १४ ला मिळालं नाही याचा पुरावा काय? न मिळाल्याचा पुरावा माणसाने कुठून आणायचा? दुसऱ्याने सांगितलं, वास ही गुणवत्तेची तक्रार धरली जात नाही. मी पाण्याच्या पेल्याचा व्हिडिओ पाठवला. तिसऱ्याने "आपल्या अडचणीबद्दल दिलगीर आहोत" लिहून संभाषण बंद केलं. आठवडाभर रोज रात्री जेवल्यावर मी हेच करत बसायचो. आई म्हणायची, सोड ना, अठराशे रुपये गेले समज. मला सोडवेना. पैशांपेक्षा मला हे खुपत होतं की खोटी तारीख त्यांनी घातली आणि खरं मला सिद्ध करायला लावलं.

मग वहिनीने वाट दाखवली. ती पणजीत वकिलाच्या कार्यालयात काम करते. ई-कॉमर्ससाठी २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. त्यांत प्रत्येक संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची. नाव पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत सापडलं. ३० जूनला मेल केला. सोबत चार गोष्टी जोडल्या: २२ तारखेच्या त्या पोराच्या कॉलची नोंद, १५ ते २१ पर्यंत मी केलेल्या फोनची यादी, "पीव्हीसी नाही" हे वर्णनातलं वाक्य स्क्रीनवरून टिपलेलं, आणि पेल्याचा व्हिडिओ. ते वर्णन मी वेळीच टिपून ठेवलं होतं हे फार बरं झालं, कारण जुलैत पाहिलं तर ते वाक्य तिथे नव्हतं. कुठलीही वस्तू मागवतानाच वर्णनाचं चित्र टिपून ठेवा.

४८ तास गेले, पोच नाही. ४ जुलैला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, १९१५. माझी तक्रार नोंदवून घेतली, नोंदणी क्रमांक दिला, आणि बाई इतक्या शांतपणे बोलल्या की फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं. १३ तारखेला मेल आला: परत घेतो.

वाटलं संपलं. पण न्यायला यायचं कोणी? १५ ला निरोप, "ग्राहक घरी नाही." मी रजा टाकून व्हरांड्यात बसलो होतो. १७ ला परत तोच निरोप. तेव्हा मी घराचा नंबर मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून फाटकावर बांधला आणि त्याचा फोटो मेलने पाठवला. वाड्यावर राहणाऱ्यांनी हे आधीच करून ठेवावं. २४ ला माणूस आला.

त्याच्यासमोर १२० पानं मोजायला खोका उघडला, आणि मधल्या एका पानात नऊ कार्डं! विशूने भरलेल्या आठांतलं एक पान त्या रात्री माझ्या नजरेतून सुटलं होतं. क्रिकेट अटॅक्सची चमकती कार्डं, सगळी एक महिना पीव्हीसीत दाबलेली. ओढून पाहिलं, पहिल्याच कार्डावरचा चमकता थर प्लास्टिकबरोबर निघाला. त्या माणसाला थांबवलं, पान कात्रीने कापून ठेवून घेतलं आणि ११९ पानं दिली. एका पानाचे पैसे कापून २ ऑगस्टला बाकीचे खात्यात आले.

उरलेली आठ कार्डं मी ओढली नाहीत. पिशवीत घट्ट बंद करून तीन तास फ्रीझरमध्ये ठेवली, मग पिशवी तशीच बंद ठेवून बाहेरच्या हवेला येऊ दिली, नाहीतर दव धरतं. त्यानंतर दात साफ करायचा धागा कार्ड आणि प्लास्टिकच्या मध्ये हळूहळू सरकवला. सहा नीट सुटली. दोन कार्डांवर तेलकट डाग राहिलाय. विशूने विचारलं, "काका, माझ्यामुळे?" मी म्हटलं, नाही रे, मोजायचं काम माझं होतं.

नवी पॉलिप्रॉपिलीनची पानं मुंबईच्या मित्राने स्वतः हात लावून पाहून आणली. त्याला पाण्याची परीक्षा फोनवर शिकवली होती. १०७ पानं पुरली, दोन फाइलींत. कडी गोल न घेता इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची घ्या, पानं सरळ बसतात आणि वाकत नाहीत. खण बाजूने उघडणारे असले तर कार्ड निसटत नाही. ज्यांच्यावर जीव आहे ती कार्डं आधी पातळ पिशवीत आणि मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या खोळीत. पिशवीशिवाय टॉपलोडरमध्ये घातलं तर पृष्ठभागावर ओरखडे येतात. संगणकावर तक्ता केला: खेळ, वर्ष, मालिका, क्रमांक, नाव, स्थिती, फाइल, पान. वर्ष लिहिताना जपा. मागे बारीक अक्षरांत छापलेलं स्वामित्वहक्काचं वर्ष आणि मोसम नेहमी एक नसतात.

फाइली आता झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात उभ्या आहेत. आत ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि हवेतली आर्द्रता टक्क्यांत दाखवणारा छोटा हायग्रोमीटर. जुलैत खोलीत ८९ दाखवत होता, डब्यात ५०. जेल निळ्याचं गुलाबी झालं की ते ओलावा प्यायलं असं समजायचं. मग ते वेगळ्या जुन्या भांड्यात तापवून सुकवायचं, स्वयंपाकाच्या तव्यावर नको. डांबराच्या गोळ्या घालू नका. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाची ओल तिथूनच येते.

पहिल्या फाइलचं पहिलं पान मी रिकामं ठेवलं होतं. एवढ्या कार्डांत आपल्या गोव्याचं कोणीच नव्हतं. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई, १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये ६४२ धावा करणारे. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर. फुटबॉलपटू ब्रुनो कुतिन्हो. तिघांची चित्रं विशूने वर्तमानपत्रांतून शोधली, मी ती बरोबर मापाला कापून पुठ्ठ्यावर चिकटवली, आणि मागे विशूने पेनाने आकडे लिहिले. पानात अजून सहा खण रिकामे आहेत.