राजदूताला प्रश्न विचारणारी कमिटी

अमेरिकेच्या सेनेटमधल्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहातल्या) कमिटीच्या सुनावण्या मी यूट्यूबवर बघते, हे सांगितलं की घरातले म्हणतात त्यात बघण्यासारखं काय आहे. म्हणून एकदा नीट लिहायचं ठरवलं.

तिथे राष्ट्राध्यक्ष नुसता मनात आलं म्हणून कुणाला राजदूत करू शकत नाही. नाव सेनेटकडे पाठवायचं, मग सेनेटची फॉरेन रिलेशन्स कमिटी त्या माणसाचे पैशाचे व्यवहार, जुनी कामं, सगळी कागदपत्रं बघणार, त्याला समोर बसवून उघड्यावर प्रश्न विचारणार, लेखी प्रश्नसुद्धा पाठवणार, मग कमिटीत मतदान आणि शेवटी पूर्ण सेनेटमध्ये मतदान. ही कमिटी १८१६ पासून आहे. राजदूताला साधं बहुमत पुरतं, आंतरराष्ट्रीय कराराला मात्र दोन तृतीयांश लागतं. आणि हे काम फक्त सेनेटचं, खालच्या सभागृहाचा, म्हणजे हाऊसचा, त्यात काही संबंध नाही. म्हणजे आपले बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनमधून निवडून गेलेत खरे, पण ते हाऊसमध्ये आहेत त्यामुळे भारतात कोण राजदूत येणार यावर त्यांना मत देता येत नाही.

यातला मला सगळ्यात आवडता किस्सा १९५७ चा. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरनी मॅक्सवेल ग्लक यांना सिलोनचा (आजच्या श्रीलंकेचा) राजदूत म्हणून निवडलं, कपड्यांच्या दुकानांची साखळी चालवणारा माणूस, रिपब्लिकन पक्षाचा मोठा देणगीदार. कमिटीत सेनेटर फुलब्राइटनी (स्कॉलरशिपला ज्यांचं नाव आहे तेच) विचारलं, सिलोनचे पंतप्रधान कोण? सांगता येईना. बंडारनायके होते तेव्हा. भारताचे पंतप्रधान कोण, तर उत्तर असं की माहीत आहेत पण नाव उच्चारता येत नाही. १९५७ साली नेहरूंचं नाव! तरीही सेनेटने त्यांना मंजुरी दिली. हे सगळं छापून बाहेर आलं आणि प्रचंड गाजलं. मग कमिटीचा उपयोग काय झाला असं कुणीही विचारेल. माझ्या मते झाला, कारण देणगी देऊन राजदूतपद मिळतं हे सगळे खासगीत बोलायचे, ते त्या दिवसापासून कागदावर आलं आणि राष्ट्राध्यक्षाला पत्रकारांसमोर त्याचं उत्तर द्यावं लागलं.

आणि दर वेळी मंजुरी मिळतेच असंही नाही. २०१३ मध्ये ओबामांनी नॉर्वेसाठी जॉर्ज त्सुनिस यांचं नाव दिलं, हॉटेल व्यवसायातले, ओबामांच्या प्रचारासाठी निधी गोळा करणारे. जानेवारी २०१४ च्या सुनावणीत त्यांनी नॉर्वेच्या 'राष्ट्राध्यक्षां'चा उल्लेख केला. नॉर्वेत राजा आहे आणि पंतप्रधान आहे, राष्ट्राध्यक्ष नाहीच. शिवाय जो पक्ष तिथल्या सरकारमध्ये सामील होता त्याला ते काठावरचे लोक असल्यासारखं बोलले आणि सेनेटर जॉन मॅकेननी तिथल्या तिथे पकडलं. मिनेसोटात नॉर्वेहून आलेल्यांची मोठी वस्ती आहे, ते लोक इतके चिडले की तिथले ओबामांच्याच पक्षाचे सेनेटर विरोधात गेले आणि वर्षअखेरीस तो विषयच संपला. हेच त्सुनिस पुढे २०२२ मध्ये ग्रीसला राजदूत म्हणून गेले, ते स्वतः ग्रीक वंशाचे. योग्य जागी योग्य माणूस गेला असंच मी म्हणेन.

आता भारताचं उदाहरण, कारण ते आपल्याला जवळचं. बायडननी जुलै २०२१ मध्ये लॉस एंजेलिसचे महापौर एरिक गार्सेटी यांचं नाव दिलं. डिसेंबरमध्ये सुनावणी झाली. पण महापौर असताना त्यांच्या एका निकटच्या सहाय्यकावर लैंगिक छळाचे आरोप होते आणि गार्सेटींना ते माहीत होतं का हा प्रश्न उठला, त्यांनी शपथेवर नाही सांगितलं, ग्रासली या सेनेटरच्या टीमने स्वतः चौकशी करून म्हटलं की बहुधा माहीत असावं. होल्ड लागला. होल्ड म्हणजे एका सेनेटरने हरकत घेतली की झटपट मंजुरीचा रस्ता बंद, मग वेळ काढून मतदान घ्यावं लागतं आणि तेवढी मतं हातात नसली की फाइल तिथेच पडून. नामांकन एकदा परत गेलं, पुन्हा पाठवलं, मार्च २०२३ मध्ये कमिटीत १३ विरुद्ध ८ आणि सेनेटमध्ये ५२ विरुद्ध ४२ ने पास झालं, त्यात डेमोक्रॅट पक्षाचे तीन सेनेटर विरोधात आणि सात रिपब्लिकन बाजूने! दोन वर्षांहून जास्त काळ दिल्लीत अमेरिकेचा पूर्ण राजदूत नव्हता. (मुंबईच्या वकिलातीत व्हिसाच्या तारखा तेव्हा भयानक लांब होत्या, पण ते कोविडमुळे, त्याचं खापर रिकाम्या खुर्चीवर फोडू नये.) शेवटी साहेब आले आणि दिल्लीच्या महाराष्ट्र भवनात वडापाव खातानाचा त्यांचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला.

हा उशीर वाईट होता, मान्य आहे. पण आरोप गंभीर होते आणि त्यावर कुणीतरी अडून बसलं हे मला चुकीचं वाटत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती उलट दिशेची. सप्टेंबर २०२५ मध्ये सेनेटने नियम बदलला, आता नावांचा गठ्ठा एकदम मंजूर करता येतो. ट्रम्प यांनी भारतासाठी राजदूत म्हणून निवडलेल्या सर्जिओ गोर यांची सुनावणी ११ सप्टेंबरला झाली, भारतावर ५० टक्के टॅरिफ लागलेलं असताना, आणि ७ ऑक्टोबरला १०७ नावांच्या एकाच गठ्ठ्यात ५१ विरुद्ध ४७ ने ते पास झाले. कमिटीची सुनावणी तरी झाली हे नशीब, पण १०७ माणसांवर एकच मत देताना एखाद्या त्सुनिसला बाजूला कसं काढणार?

आपल्याकडे तर सुनावणीच नाही. मुंबईचे न्यायमूर्ती छागला १९५८ मध्ये वॉशिंग्टनला राजदूत म्हणून गेले, वकील नानी पालखीवाला १९७७ मध्ये गेले, दोघंही फॉरेन सर्व्हिसच्या (आयएफएसच्या) बाहेरचे, दोघंही कर्तबगार, पण संसदेच्या कुठल्या कमिटीसमोर बसून उत्तरं द्यावी लागली नाहीत. परराष्ट्र व्यवहाराची संसदीय स्थायी समिती आहे, ३१ खासदार, २१ लोकसभेचे १० राज्यसभेचे, पण तिच्या बैठका बंद दाराआड. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री तिथे गेले तेव्हा ते बंद ठेवणं बरोबरच होतं, आणि कॅमेरा नसला की खासदार पक्ष बाजूला ठेवून बोलतात हेही खरं आहे. पण नेमणुकीत कसलं गुपित? आयएफएसमधून वर आलेल्या अधिकाऱ्याचं सोडून द्या, त्याची तीस वर्षांची नोकरी समोर असते. सरकार बाहेरचा माणूस राजदूत म्हणून पाठवणार असेल तर त्याला या समितीने एक दिवस उघड्यावर बोलवावं, त्या देशाबद्दल काय माहीत आहे ते विचारावं, मतदान नाही घेतलं तरी चालेल.