प्राथमिक शिक्षक व्हायचंय? मग कॉलेज निवडताना एवढं बघा

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात, मॅडम पोरीला शिक्षिका व्हायचंय, कुठल्या कॉलेजला टाकू. मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते म्हणून लोक मला विचारतात, आणि यंदा तर माझ्या बहिणीची मुलगीच विचारतीये. तिला फोनवर जे जे सांगितलं ते सगळं इथं लिहून ठेवते, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

आधी वाट ठरवा, कॉलेज नंतर. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बारावीनंतर दोन वर्षांचा डीएलएड डिप्लोमा, ज्याला आपण सगळे अजून डीएडच म्हणतो. आपल्याकडं अजूनही कितीतरी घरांत "आधी बीए कर, मग बीएड कर, कुठंपण लागशील" असं सांगतात, पण ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही. म्हणजे पाच वर्षं घालवून पोरगी बीएड झाली आणि तिला लहान मुलंच शिकवायची असली तर दार बंद. हे बारावीलाच कळायला पाहिजे.

दुसरी एक वाट आता झालीय, चार वर्षांची एकात्मिक पदवी, आयटीईपी म्हणतात. २०२३-२४ पासून देशातल्या मोजक्या संस्थांत सुरू झाली, तिला एनसीईटी नावाची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असते आणि त्यात कुठल्या टप्प्याच्या वर्गांना शिकवायचं तेही आधीच निवडावं लागतं. नव्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता हीच करायचं म्हटलंय, त्यामुळं ज्यांना घराबाहेर राहून चार वर्षं शिकणं परवडतं त्यांनी जरूर विचार करावा. पण आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक पोरापोरींसाठी आज तरी डीएलएडच जवळची आणि झेपणारी वाट आहे.

डीएलएडचे प्रवेश बारावीच्या मार्कांवर, ऑनलाइन होतात. खुल्या गटाला ४९.५ टक्के, राखीवला ४४.५ टक्के लागतात. फॉर्ममधे कॉलेजचा पसंतीक्रम भरायचा असतो आणि खरी गडबड तिथंच होते, पोरं सायबर कॅफेत बसून जवळचं दिसेल ते कॉलेज वर टाकून मोकळी होतात.

कॉलेज बघायला जायचं तर सुट्टीच्या दिवशी नाही, चालू दिवशी जा. बिल्डिंग, कॉम्प्युटर लॅब, भिंतीवरची चित्रं हे सगळं बघा पण त्यावर ठरवू नका. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठा आणि तिला म्हणा, ताई तुझी पाठ टाचणाची, म्हणजे वर्गात काय कसं शिकवायचं ते आधी लिहायची, वही दाखव ना जरा. वहीत तांबड्या पेनाने काय लिहिलंय ते वाचा. नुसती सही आणि तारीख असेल तर समजून जा. "मुलांना उत्तर द्यायला वेळ दिला नाही", "फळ्यावरचं अक्षर मागच्या बाकाला दिसत नव्हतं", असले शेरे असतील तर तिथं कुणीतरी वर्गात बसून पाठ बघतंय.

हे मी एवढं जोर देऊन का सांगते, तर आमच्या शाळेत आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष वर्गावर शिकवायच्या सरावाला, डीएलएडचे छात्राध्यापक येतात, त्यातली एक मुलगी मला अजून आठवते. दुसरीच्या वर्गात वजाबाकी घेत होती, ५२ वजा २७. निम्म्या पोरांनी उत्तर ३५ लिहिलं, कारण दोनातून सात जात नाही म्हणल्यावर पोरांनी सरळ सातातून दोन घालवले. ती मुलगी न चिडता खाली बसली, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे काढले, पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या मांडल्या आणि एका पोराला म्हणाली, मला सात दे बघू. पोरगं दोन काड्या हातात घेऊन गठ्ठ्यांकडं बघत बसलं, मग स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. तिने एक शब्द सांगितला नव्हता. तिच्या कॉलेजच्या मॅडम शेवटच्या बाकावर पूर्ण तास बसल्या होत्या आणि तास झाल्यावर त्यांनी शाबासकी दिलीच, पण विचारलं काय, तर तिसऱ्या रांगेतली मुलगी सगळा वेळ गप्प का होती ते बघितलंस का? असं विचारणारं माणूस ज्या कॉलेजात आहे ते कॉलेज पहिल्या पसंतीला टाका, भले रोज एसटीने तास-दीड तास जावं लागू दे.

याच्या अगदी उलटं पण असतं. "हजेरीचं टेन्शन घेऊ नका, परीक्षेला आला तरी चालतंय" असं फी भरायच्या आधीच सांगणारी जागाही मी बघितलीय, नाव घेत नाही, आणि त्या वाक्यावर पालक खूश होतात याचं मला फार वाईट वाटतं. अहो दोन वर्षांनी त्या पोरीसमोर पहिलीची तीस पोरं बसणार आहेत, एक रडतंय, एक "बाई ह्यो मला मारालाय बघा" म्हणतंय, एकाने वही आणलीच नाही, तिथं तिने काय करायचं?

सोलापुरात माध्यमाचा विचार तर करायलाच पाहिजे. शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडं कन्नड, शहरात उर्दू शाळाही भरपूर. भरतीच्या जागा माध्यमानुसार निघतात, त्यामुळं तुमचं स्वतःचं शिक्षण उर्दूतून किंवा कन्नडमधून झालं असेल तर "मराठीत जागा जास्त असतात" असं ऐकून घाईने माध्यम बदलू नका, ज्या भाषेत तुम्ही लहान पोराशी सहज बोलू शकता तेच माध्यम धरा. आणि मराठी माध्यमवाल्यांनो, सरावपाठाची शाळा कुठं मिळते तेही कॉलेजला विचारा. घरी तेलुगू बोलणारं पोर पहिलीत कित्येक महिने गप्प बसतं, त्याला बोलतं कसं करायचं हे अशा शाळेत उभं राहिल्यावरच कळतं.

जिल्ह्याची डाएट, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सरकारी संस्था, आपल्याकडं सोलापूर शहरात नसून वेळापूरला आहे, माळशिरस तालुक्यात. तिकडच्या बाजूला असाल तर एकदा जाऊन या, प्रवेशाबद्दल नीट माहिती मिळते.

नोकरीचं पण सांगते, लपवून काय उपयोग. डिप्लोमा झाला म्हणजे लगेच नोकरी असं नाही. आधी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, तिचा पेपर एक, १५० मार्कांचा, खुल्या गटाला ९० पाहिजेत. मग टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी, दोन तासांत २०० प्रश्न, आणि मग पवित्र पोर्टल या सरकारी वेबसाइटवर भरती, ती निघेल तेव्हा. लागल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, मानधन १६,००० रुपये, आधी तर ६,००० होतं. सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर जुन्या शिक्षकांनाही टीईटी आली, आमच्या केंद्रातले पन्नाशीच्या आतबाहेरचे सर लोक पुस्तकं घेऊन बसलेत. म्हणून कॉलेजला हेही विचारा की मागच्या बॅचची किती पोरं टीईटी पास झाली, आणि सांगताना ते चाचरतायत का ते बघा.

एवढं सगळं ऐकून भाची म्हणाली, मावशी मग करू का नको? मी म्हणलं कर. आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या डिसले गुरुजींना २०२० मधे ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, पण मी ते बक्षीस बघून सांगत नाहीये. तिला वाड्यातली लहान पोरं गोळा करून पाढे म्हणवून घ्यायची सवय आहे, आणि पोरं तिच्याकडं आपणहून येतात, म्हणून सांगतीये. डिप्लोमा झाल्यावर मुक्त विद्यापीठातून बीए करायचं तेही ठरवून ठेवलंय, म्हणजे पुढं सहावी ते आठवीची वाट राहते.

आता एकच काम, जातीचा दाखला, चालू सालचं नॉन क्रिमीलेयर, डोमिसाईल हे फॉर्म निघायची वाट न बघता आत्ताच काढायला टाका, जूनमधे सेतूला पाय ठेवायला जागा नसते. आणि दहावीच्या मार्कलिस्टवरचं आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघून घ्या.