पाटीवरचं नाव

"मागून मी असा दिसतो होय?"

आमच्या शिल्पकलेच्या वर्गात मॉडेल म्हणून बसलेले काका उठून, मी घडवलेल्या त्यांच्या मातीच्या डोक्यामागे जाऊन उभे राहिले. नाक-डोळ्यांकडे बघितलंही नाही. मानेवरच्या वळ्या, कानामागचा खळगा, तिथेच त्यांची नजर खिळली. आरशात हे कुठे दिसतं?

तासन्‌तास न हलता बसतात ते. पण प्रदर्शनात पाटीवर नाव आमचं, आणि खाली नुसतं 'हेड स्टडी'.

शिल्पकार गणपतराव म्हात्रेंनी 'मंदिरपथगामिनी' ही देवळाकडे निघालेल्या स्त्रीची मूर्ती घडवली ती मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी असताना, १८९६च्या सुमारास. हे आम्हाला पाठ आहे. तिच्यासाठी कोण उभं राहिलं असेल, हे आज पहिल्यांदा मनात आलं.

आता साचा काढताना माती फुटेल, प्लास्टरचं डोकं उरेल. त्याच्या पाटीवर काकांचं नाव हवंच. सरांशी उद्याच बोलते. तुमच्याकडे कुठे लिहितात का मॉडेलचं नाव?